मुकादम नको म्हणणारे भाऊ

भाऊ, तुमच्याइतका हट्टी माणूस मी मावळात दुसरा पाहिला नाही, आणि मावळात हट्टी माणसांची वानवा आहे असं कुणी म्हणणार नाही. तुमचं तेरावं अजून व्हायचं आहे आणि मी तुमच्याशी भांडायला बसले आहे. आई चुलीपुढून म्हणाली, "मेल्या माणसाशी भांडती व्हय गं तू?" मी म्हटलं, जिवंत होते तेव्हा त्यांनी भांडण संपू दिलं नाही, आता माझा इलाज नाही. तिला तुम्ही आवडायचात. एकदाच भेटली होती तुम्हांला, कामशेतच्या बाजारात, आणि तुम्ही तिला "मावशी, तुमची पोरगी लय त्वांडाळ हाय" असं सरळ सांगितलंत, तेव्हापासून.

तुम्ही गेलात त्या दिवशी कुरवंड्याला तुमच्या दारात कारखान्यातल्या आपल्या विभागाची सगळी मंडळी आली होती. पुण्याहून रोज कामाला येणारे आपले फाटक इस्त्रीचा रुमाल डोळ्यांना लावून उभे होते. रुमाल कोरडा होता, मी पाहिला. हेच फाटक तुमच्या पाठीमागे तुम्हांला "डोंगरी कॉम्प्युटर" म्हणायचे आणि समोर आले की "भाऊ, जरा हे बघता का" म्हणून हात चोळत उभे राहायचे. त्यांच्याबद्दल मला जे वाटतं ते लिहून कागद कशाला वाया घालवू? तुमच्याबद्दल लिहिते. तुमचा राग यायला निदान कारणं आहेत.

आपला कारखाना पंपांचा. वरच्या मजल्यावर काचेच्या खोलीत कॉम्प्युटर आणि त्याच्या सेवेला आपण चार-पाच माणसं. काम काय, तर पंपांची ऑर्डर आली की कोणते सुटे भाग लागतील, कोणता आधी ओतायचा, कोणता मागाहून, ह्याची यादी मशीनकडून छापून घ्यायची आणि खाली शॉपमध्ये, जिथं पंप जोडतात तिथं, पाठवायची. यादी चुकली की खाली जुळणी अडायची. आत वॉशर बसल्याशिवाय वरचं झाकण बसवता येत नाही, हे मशीनला शिकवणं हा आपला धंदा. आणि हीच अक्कल जरा स्वतःच्या कामाला लावा म्हटलं की आपला सगळा विभाग अंग चोरायचा.

बाहेरच्या माणसाला सांगायचं तर आपला प्रत्येक प्रोग्राम म्हणजे भोकं पाडलेल्या कार्डांची एक गड्डी. ज्याची गड्डी त्याच्या कपाटात. आता वॉशरची मापं सांगणारा तुकडा सगळ्याच प्रोग्रामांना लागतो, म्हणून प्रत्येकानं त्या तुकड्याची आपापली नक्कल आपापल्या गड्डीत खुपसून ठेवलेली. माप बदललं की प्रत्येकाच्या गड्डीतली कार्डं बदलायची, आणि कुणाची तरी हमखास राहायची. कुणाची राहिली हे कुणाला ठाऊक असायचं? तुम्हांला. कुणाच्या गड्डीत काय दडलंय, कुणाचं काम कुणावाचून अडतं, सगळं तुमच्या डोक्यात. काही बदलायचं झालं की तुमच्या टेबलाशी रांग. तुम्ही पान लावता लावता सांगायचात, फाटकांच्या गड्डीत मधोमध बघा, तिथं जुनं राहिलंय. ते तिथं असायचंच. लोकांना वाटायचं, केवढं हे ज्ञान. मला वाटायचं, केवढा हा माज. तुम्ही ज्ञान वाटत नव्हता भाऊ, भीक घालत होता, रोज थोडी थोडी, म्हणजे उद्या लोक पुन्हा दाराशी येतील.

तुम्ही मुंबईत कार्डं निवडायच्या जुन्या यंत्रांवर तरुणपण घालवून गावाकडे परतलेले. मी पंचिंगच्या खोलीतून, दिवसभर दुसऱ्यांच्या लिखाणाची कार्डं टोचून, बी.एस्सी.च्या जोरावर वर आलेली. विभागात मावळातली माणसं आपण दोघंच. बाकीची सकाळच्या गाडीनं पुण्याहून यायची आणि दुपारच्या जेवणानंतर परतीच्या गाडीकडे डोळे लावून बसायची. त्यांच्याशी तुम्ही छापील मराठी बोलायचात, माझ्याशी मात्र कुरवंड्याची. मला त्याचा अभिमान वाटायचा. म्हणूनच मी धरून चालले होते, की मी काही नवीन आणलं तर दुसरं कुणी नाही तरी तुम्ही उचलून धराल. मूर्खच होते.

एक गोष्ट आधीच सांगते, म्हणजे पुढचं वाचून कुणाला वाटायला नको की मला तुमच्यात काही चांगलं दिसतच नव्हतं. लोणावळ्याकडची हवा कार्डांना मानवत नाही. पावसाळ्यात ती फुगतात आणि मशीनच्या तोंडात अडकून बसतात. बाकीचे कपाटात बल्ब लावून ठेवायचे. तुम्ही तुमच्या गड्ड्या पिशवीत घालून घरी न्यायचात आणि चुलीवरच्या माळ्यावर ठेवायचात. तुमच्या कार्डांना बारा महिने धुराचा वास. कारखान्याची वस्तू घरी कशी नेता म्हणून मॅनेजरसाहेबांनी एकदा हटकलं, तर तुम्ही शांतपणे म्हणालात, मग तुम्ही तुमच्या घरची ऊब हितं आणून द्या. साहेब विषय बदलून निघून गेले. त्या दिवशी मी दिवसभर हसत होते. असं बोलायची छाती त्या मजल्यावर दुसऱ्या कुणाची नव्हती.

मग कारखान्यानं मला शिक्षणासाठी मुंबईला पाठवलं. तिथं एका संस्थेत मी पाहिलं, की सगळ्यांना लागणारे तुकडे ते मशीनच्या एकाच टेपवर ठेवतात, नक्कल कुणाच्याच गड्डीत नसते. प्रत्येक गड्डीच्या डोक्यावर एक कार्ड, त्यावर एवढंच, की मला अमुक अमुक तुकडे लागतात. एक छोटा प्रोग्राम ती कार्डं वाचतो, कोण कुणावाचून अडलंय ते लावून घेतो, जे बदललं असेल तेवढंच नव्यानं बांधतो आणि बाकीच्याला हात लावत नाही. आपण दर वेळी सगळं पहिल्यापासून बांधत बसायचो आणि मशीन त्यातच अडकून पडायचं. परत आल्यावर मी तसलाच एक प्रोग्राम स्वतः लिहिला. नावही शोधलं होतं त्याला, चांगलं संस्कृत. तुम्ही छापलेल्या कागदावरून नजर फिरवलीत आणि विचारलंत, "ह्यो कोन म्हनायचा? मुकादम?" झालं. माझं नाव कुणी उच्चारलंसुद्धा नाही. तो मुकादमच झाला.

त्या मुकादमासाठी मी किती जणांच्या विनवण्या केल्या ते आठवलं की अजून लाज वाटते. चहाच्या वेळी समजावून सांगितलं. जेवणाच्या सुट्टीत मशीनवर चालवून दाखवला. तुमच्या गड्ड्यांतल्या नकला मीच काढून देते, तुम्ही बोटही हलवू नका, असंसुद्धा म्हणाले. फाटक म्हणाले, "छान आहे, बघू या." बाकीचे म्हणाले, कल्पना उत्तम. पुण्याचा नकार असा साखरेत घोळून येतो, गिळल्यावर कळतं की पोटात काहीच गेलेलं नाही. त्यांच्या मनात एकच होतं, आजवर भाऊंनी निभावून नेलं, पुढंही नेतील, आपली गाडी चुकली नाही म्हणजे झालं. कुणी हरकत घेतली नाही, कुणी शंका विचारली नाही. विरोध करायचा तर आधी समजून घ्यावं लागतं, तेवढा वेळ कुणाला होता? तुम्ही तेवढे सरळ नाही म्हणालात.

"का नाही?" मी विचारलं.

"मुकादम कशाला लागतोय? मी हाय ना."

"आणि तुम्ही नसलात तर?"

"मी कुटं चाललोय?"

एवढ्या हुशार माणसाचं हे एवढं फालतू कारण. हे कारण नव्हे, ही फुशारकी आहे, असं मी तुम्हांला तिथल्या तिथं ऐकवलं. तुम्ही हसलात आणि पान तोंडात टाकलंत. पण घरी गेल्यावर तुम्ही त्याचा विचार केला असणार, कारण पुढच्या वेळी मी मुकादमाचं नाव काढलं तेव्हा तुम्ही पुढ्यातलं काम बाजूला सारलंत आणि मला विचारलंत, "पंपाला मोटार लागती. आन मोटार तपासायला पंप लागतोय. तुजा मुकादम आदी कुनाला हाक मारंल?"

दोन तुकडे एकमेकांवाचून अडले तर काय, हा विचार मी केलाच नव्हता. मुकादम त्या दोघांमध्ये फिरत राहिला असता मशीन बंद करेपर्यंत. मी आठवडाभर खपून मुकादमाला शिकवलं, की साखळी धरून जाताना तेच नाव पुन्हा भेटलं तर तिथंच थांबायचं आणि दोघांची नावं छापायची. मोठ्या तोऱ्यात तुम्हांला दाखवायला आणलं. तुम्ही म्हणालात, "थांबून काय उपेग? थांबाया तर मला बी येतंय." तुमचा गळा दाबावासा वाटला मला. पण प्रश्न खरा होता, आणि तो विचारणारे त्या खोलीत तुम्ही एकटे होता.

शेवटी साहेबांनी निकाल दिला. कुठल्याही भांडणात साहेबांना मधली खुर्ची लागते. ते म्हणाले, दिवाळीपर्यंत मुकादम चालवून पाहायचा. जमला तर सगळ्यांनी तोच वापरायचा. नाही जमला तर तो बाद, आणि मी परत पंचिंगच्या खोलीत. हे त्यांनी हसत सांगितलं. त्या खोलीत ज्यानं दिवस काढलेला नाही तोच हे हसत सांगू शकतो. तिथं डोकं वापरायचं नसतं. समोरच्या कागदावर जे अक्षर दिसेल ते टोचायचं, चूक दिसली तर चुकीसकट टोचायचं. मी तिथं काही वर्षं काढली होती आणि परत जाण्यापेक्षा भात लावायला जाईन असं आईला सांगून ठेवलं होतं. तुम्हांला हे सगळं माहीत होतं. ह्या मुलीला वर आणा, असं साहेबांना पहिल्यांदा सांगणारे तुम्हीच तर होता.

सगळ्यांनी आपापल्या गड्ड्यांच्या डोक्यावर माझं कार्ड लावलं. तुम्हीही लावलंत, तोंड वाकडं करून. मुकादम चालला, आणि बरा चालला. तुमच्या टेबलाशी लागणारी रांग आखडत गेली. तुम्ही पान लावत बसायचात, लावलेलं पान डबीत ठेवायचात आणि खिडकीतून ड्यूक्स नोजच्या कड्याकडे बघत राहायचात. मला तेव्हा तुमची दया यायला हवी होती. मला आनंद होत होता.

अशात खंडेनवमी आली. आपल्या विभागात त्या दिवशी हत्यारं म्हणून गड्ड्या पुजायची रीत, तीही तुम्हीच पाडलेली. चौरंगावर गड्ड्या मांडायच्या, झेंडू, नारळ, आणि प्रत्येक गड्डीच्या वरच्या कार्डाला हळदकुंकू. मी लहान असतानाच आमचं घर बौद्ध झालं, तेव्हापासून आमच्याकडे ही पूजा नाही, म्हणून मी दाराशी उभी होते. फाटक म्हणाले, "आत आलात तरी चालेल हं." त्या 'हं'बद्दल मी त्यांना अजून माफ केलेलं नाही. तुम्ही खोबऱ्याचा तुकडा आणून माझ्या हातावर ठेवलात आणि परत जाऊन बसलात.

पण तुमच्या ह्या रीतीला एक शेपूट होतं. कुंकू लागलेलं वरचं कार्ड पुढच्या वर्षीच्या पूजेपर्यंत हलवायचं नाही. पूर्वी त्या कार्डावर नुसतं गड्डीचं नाव असायचं, त्यामुळे कुणाचं काही बिघडत नसे. ह्या खेपेला वरचं कार्ड माझं होतं, आणि ते गरज बदलली की बदलायचंच असतं.

दसऱ्यानंतर वॉशरची जाडी बदलली. मी नव्या वॉशरचा तुकडा नव्या नावानं टेपवर घातला, नवी कार्डं टोचून सगळ्यांना वाटली आणि सांगितलं, जुनं काढा, हे लावा. सगळे हो म्हणाले. आणि सगळ्यांनी कुंकवाचं कार्ड जागेवर ठेवून नवं त्याच्या खाली सरकवलं. शिकलीसवरलेली, कॉम्प्युटर चालवणारी माणसं! त्यातल्या एकालाही वाटलं नाही की ह्या मुलीला एकदा विचारावं. मुकादमाला एकच कार्ड वाचायचं ठाऊक, ते वाचून तो पुढं गेला. यादीत जुनं वॉशर आलं. खाली पंप जोडून झाले आणि चाचणीच्या हौदाशी एकजात गळायला लागले. शॉपमधली माणसं पाण्यात उभी राहून वर आपल्या काचेकडे बघत होती.

साहेबांच्या खोलीत बैठक झाली. फाटक म्हणाले, नव्या पद्धतीत दोष दिसतो. मी प्रत्येकाला विचारलं, कार्ड बदललं होतंत का? प्रत्येक जण म्हणाला, घातलं ना. त्यांत कुणी खोटंही बोलत नव्हतं. गड्ड्या इथं आणून बघू या, असं मी म्हणेपर्यंत साहेबांनी हात वर करून विषय संपवला. तुम्ही भिंतीला टेकून उभे होता. तुम्ही एक शब्द बोलला असतात तर मी वाचले असते. तुम्ही पान चघळत राहिलात. बाहेर पडताना फाटक मला म्हणाले, पूजेचं कार्ड काढायचं नाही, नवं खाली घाला, असं भाऊंनीच सगळ्यांना सांगितलं होतं. स्वतःची मान सोडवून घेताना ते कसे चटकन खरं बोलतात.

जिन्यात मी तुम्हांला गाठलं. "भाऊ, कार्ड खाली घालायला तुम्ही सांगितलंत?"

"व्हय. पूजेचं कार्ड काडत न्हाईत."

"तुम्ही कधीपासून एवढे देवभोळे झालात?"

"देवाचं न्हाई त्यात काय. रीत हाय."

"मुकादम पहिलंच कार्ड वाचतो, हे तुम्हांला माहीत होतं की नव्हतं?"

तुम्ही माझ्याकडे पाहिलंत. मग कठड्याला हात धरून एकेक पायरी खाली उतरून गेलात.

ह्या प्रश्नाचं उत्तर तुम्ही घेऊन गेलात, भाऊ. माहीत असेल तर तुम्ही लबाड. नसेल, तर मी समजत होते तेवढे हुशार तुम्ही नव्हता. जत्रेला जाऊन देवळाच्या बाहेर बिडी ओढत बसणारा माणूस एकाएकी कुंकवाच्या एका ठिपक्याला इतका कसा जपतो, ह्याचा मी पुष्कळ विचार केला. कधी वाटायचं, तुम्ही मुद्दाम केलंत. कधी वाटायचं, त्या सगळ्या खोलीत तुमची म्हणून तेवढी एकच गोष्ट उरली होती, ती रीत, आणि तीही मी काढायला निघाले होते. तसं असेल तरी माझं काय चुकलं होतं? माझी नोकरी तुमच्या रीतीपेक्षा स्वस्त होती का?

मुकादम बाद झाला, सगळ्यांनी नकला पुन्हा आपापल्या गड्डीत घातल्या आणि मी पंचिंगच्या खोलीत परत गेले. भात लावायला गेले नाही. आईनं तोंडाकडे पाहिलं आणि पुढ्यात ताट सरकवलं. आणि तुम्ही काय केलंत? लाजेनं तोंड लपवलंत? छे. लगेच दुसऱ्या दिवशी लिहिलेले कागद घेऊन माझ्या खिडकीशी हजर. बाकीचे शिपायाबरोबर पाठवायचे, तुम्ही स्वतः यायचात. कागद आत सरकवायचे आणि कोपर टेकून तिथंच उभं राहायचं.

"काय म्हनतोय मुकादम?"

मेला, मी म्हणायचे.

"मेला तर मंग ही कार्डं कुनाची टोचती?"

तुम्हांला दिसत होतंच. रद्दीत टाकलेली कार्डं गोळा करून मी मुकादम दुरुस्त करत बसायचे, आपलं काम उरकून. तुम्ही हात लांब करून ती गड्डी घ्यायचात आणि निघून जायचात. जेवणाच्या सुट्टीत, कुणाची परवानगी नसताना, मशीनवर चालवायचात. परत आलात की चेहरा फुललेला. "पाडला तुजा मुकादम," म्हणायचात, आणि कसा पाडला तेही सांगायचात. दोघांनी गड्डीला एकच नाव दिलं तर पडतो. मध्येच कोरं कार्ड आलं तर पडतो. कुंकवाच्या कार्डाखाली दुसरं कार्ड असलं तर गप पुढं जातो, हे तर तुम्ही इतक्या साळसूदपणे सांगितलंत की मी हातातली कार्डं जमिनीवर फेकली. तुम्ही ती वाकून उचललीत, गुडघे धरत. मी मुकादमाला शिकवलं, की एकाच्या खाली दुसरं दिसलं तर थांबून विचारायचं.

असं वर्षभर चाललं. तुम्ही पाडायचं, मी दातओठ खात उभा करायचा. मला तुमचा इतका संताप यायचा, की हे काम आपण दोघं मिळून करतो आहोत हे माझ्या लक्षातच आलं नाही. आत्ता लिहिताना लक्षात आलं आणि त्याचाही संताप येतोय. फाटक आणि कंपनीनं छान छान म्हणून त्या मुकादमाला पांगळा ठेवला असता. तुम्ही शत्रुत्व केलंत म्हणून तो धड झाला. तुमचे आभार मानते, भाऊ. रागारागानं मानते, पण मानते.

शेवटी शेवटी एकदा तुम्ही गड्डी परत आणलीत आणि नुसतीच खिडकीत ठेवलीत. मी विचारलं, आता कशावर पडला?

"आता पडंना."

"मग घ्या की, भाऊ. साहेबांना सांगा."

तुम्ही विचार केलात. खरंच केलात, मला दिसत होतं. मग मान हलवलीत. "न्हाई."

"आता का नाही?"

"मी हाय ना."

मी खिडकी लावून घेतली, तुमच्या तोंडावर. आपलं शेवटचं बोलणं ते. त्याच आठवड्यात तुम्ही गेलात. इतकी मोठी हमी देऊन माणूस असा जातो का? तुम्ही हे ठरवून केलं नसणार एवढं कळतं मला, पण राग कळण्यावर अवलंबून नसतो.

तुमच्या मागे आपल्या विभागानं जो काय तमाशा केला तो बघायला तुम्ही हवे होता. मोटारीच्या एका भागाचं माप बदललं आणि ते कुणाच्या गड्डीत कुठं कुठं आहे हे कुणालाच सांगता येईना. फाटकांनी तुमचं कपाट उघडलं. धुराचा वास आला, एवढंच त्यांच्या हाती लागलं. तुमच्या गड्ड्या पुढ्यात घेऊन ते बसले आणि एकेक कार्ड उजेडात धरून बघायला लागले, जशी काही भोकांतून तुम्ही हाक माराल. खाली जुळणी थांबली. मग साहेबांना आठवण झाली, की पंचिंगच्या खोलीत एक मुलगी असते.

परवा शोकसभा झाली. टेबलावर तुमचा फोटो, कुठल्यातरी ओळखपत्रावरून मोठा केलेला, त्यात तुम्ही घाबरलेले दिसता. तुम्हांला आयुष्यात कधी घाबरलेलं मी पाहिलं नाही. साहेब उभे राहिले आणि म्हणाले, की भाऊंनी नेहमीच नव्या तंत्राचं स्वागत केलं. म्हणाले, मुकादम ही भाऊंच्याच मार्गदर्शनाखाली तयार झालेली पद्धत, ती आता साऱ्या विभागानं स्वीकारावी, तिला भाऊंचं नाव द्यावं, हीच त्यांना खरी श्रद्धांजली. फाटकांनी अनुमोदन दिलं. भाऊंची तर ही कधीपासूनची इच्छा होती, असं म्हणाले. रुमाल पुन्हा बाहेर आला होता त्यांचा. इतके दिवस मी ज्याच्यासाठी ह्यांच्या पाया पडायची बाकी होते, ते ह्यांनी तुमच्या फोटोसमोर उदबत्ती विझायच्या आत मंजूर करून टाकलं.

मग साहेब माझ्याकडे वळून म्हणाले, दोन शब्द बोला. मला परत वर घेतल्याच्या कागदावर त्यांची सही अजून झालेली नव्हती, आणि ते आम्हां दोघांनाही माहीत होतं. गप्प राहून मान डोलावली की सगळं मिळत होतं. मुकादमही, टेबलही.

मी उठले आणि म्हणाले, "भाऊंना मुकादम नको होता. शेवटच्या दिवसापर्यंत नको होता, आणि त्यात ते साफ चुकत होते. पण नको म्हणताना त्यांनी तो नीट समजून घेतला. इथं दुसऱ्या कुणी घेतला नाही. त्यांना हो म्हणणाऱ्यांत बसवू नका. त्यांचं नाव देऊ नका."

कुणी वर बघितलं नाही. फाटकांना बुटाच्या नाडीत काहीतरी सापडलं. साहेब म्हणाले, तुमच्या भावना समजू शकतो, आणि सभा आटोपली. सही मात्र त्यांनी केली. करणार काय, खाली पंप अडले होते आणि मुकादम माझ्याशिवाय कुणाला चालवता येत नव्हता. म्हणजे काय झालं बघा, आता तुमच्यासारखी मीच होऊन बसले. हे तुम्हांला कळलं असतं तर तुम्ही खो खो हसला असतात.

आज सकाळी मी वर बसले आणि सगळ्यांना काम समजावून दिलं. सगळ्या नकला काढून टाकायच्या, म्हटलं. हो, म्हणाले. ज्याला काही अडेल त्यानं माझ्याकडे न येता आधी मुकादमाला विचारायचं. हो. सगळेजण इतके गोड वागत होते की माझ्या अंगाचा तिळपापड झाला. मग मी मुद्दाम एक धडधडीत चुकीची गोष्ट सांगितली. म्हटलं, सगळ्यांचे तुकडे एकाच टेपवर राहतील आणि त्या टेपची दुसरी प्रत कुठंही ठेवायची नाही. टेप तुटली की कारखाना बंद, हे कुणालाही कळावं. त्यांनी माना डोलावल्या. फाटकांनी तर लिहून घेतलं. मी थांबले, कुणीतरी नको म्हणेल म्हणून. डोक्यावर पंखा फिरत होता, आणि सगळे पुढचं ऐकायला माझ्या तोंडाकडे बघत होते.

मला तुम्हांला हरलेलं बघायचं होतं, भाऊ. हरलेलं, आणि जिवंत.